वस्ती कशी आहे?

भिंतीला टेकू नका, रंग ओला आहे.

एसटीच्या लाल डब्यालाही फिकं पाडेल असा भडक लाल. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या भिंतीवर हा रंग कुणी कशाला चढवला, असं वाटत असेल तर समोर बघा. तीन खुर्च्या मांडल्या आहेत, वर मोठी छत्री आहे. थोड्या वेळानं तिथं तिघे रिकामटेकडे येऊन बसतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची उणीदुणी काढत राहतील. पारावरची मंडळी, दुसरं काय.

तुम्ही १९८८ च्या उन्हाळ्यात आहात. जागा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली बेडफर्ड-स्टायव्हसंट, तोंडी नाव बेड-स्टाय. त्यातही स्टायव्हसंट अव्हेन्यूचा फक्त एक तुकडा, क्विन्सी स्ट्रीट आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या मधला. एकतीस वर्षांचा स्पाइक ली इथं 'डू द राइट थिंग' नावाचा सिनेमा काढतो आहे. लिहिलाय त्यानं, निर्माता तोच, आणि पिझ्झा पोचवणाऱ्या मुकीचं कामही तोच करतोय. गोष्ट एका दिवसाची, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या शनिवारची. चित्रण मात्र चांगलं आठ आठवडे. म्हणजे ढग येवोत, सर पडो, आठ आठवडे तेच एक ऊन टिकवायचं.

म्हणून ही भिंत. छायालेखक अर्नेस्ट डिकरसन आणि कलादिग्दर्शक विन थॉमस यांनी गारवा देणारे रंग जमतील तितके हाकलून दिले आहेत. लाल, नारिंगी, पिवळा, मातकट. हवा थरथरताना दिसावी म्हणून भिंगाखाली ज्योत धरायची युक्तीही डिकरसननं केली आहे. आग छोटीशीच, काडीपेटीच्या लायकीची, पण पडद्यावर अख्खा रस्ता वितळताना दिसणार. तुमच्या पाठीवर ओघळतोय तो घाम मात्र खरा.

कोपऱ्यावर 'सॅल्स फेमस पिझ्झेरिया' आहे. सॅल सांगेल की त्याचं दुकान इथं पंचवीस वर्षं आहे. सिनेमातली पंचवीस. चित्रणाच्या तयारीआधी इथं मोकळा प्लॉट होता, समोरच्या कोरियन जोडप्याच्या भाजी-फळांच्या दुकानाच्या जागीही मोकळा प्लॉटच. सिनेमावाल्यांना आयती जागा मिळाली, हे खरं. पण भर न्यूयॉर्कमध्ये, अशा देखण्या दगडी घरांच्या रांगेत, पडलेल्या दातांसारख्या ह्या फटी आल्या कुठून?

त्यासाठी आणखी पन्नास वर्षं मागे जावं लागेल, पण एका मिनिटापुरतंच. १९३८ साली सरकारी गृहकर्ज महामंडळानं ब्रुकलिनचा एक नकाशा केला. कुठे कर्ज देणं सुरक्षित, कुठे धोक्याचं, हे चार रंगांत. बेड-स्टाय लाल. प्रत्येक भागासाठी एक छापील फॉर्म भरायचा, त्यात वस्ती कशी आहे याचं उत्तर इमारतींबरोबर माणसांच्या वंशावरूनही द्यायचं. कर्ज मिळेना, घरं दुरुस्त होईनात, ज्यांना शक्य होतं ते गोरे निघून गेले, राहिलेल्या काळ्यांना बँका दारात उभं करेनात. मग कुठे घर पडलं, कुठे जळलं, आणि मोकळ्या प्लॉटवर गवत उगवलं. परत या.

फॉर्मवरचा हा प्रश्न आपल्याला परका वाटायचं कारण नाही. न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या भाच्याला पुण्याहून फोनवर विचारतात तोच तो. "वस्ती कशी आहे रे? काळे फार नाहीत ना?" शाळा, स्टेशन, वाणसामान नंतर.

पायऱ्यांवर बसलेल्या एक आजी मघापासून तुमच्याकडे बघतायत. चित्रणामुळे गल्लीतल्या बऱ्याच जणांना काम मिळालंय, त्यामुळे नवं माणूस दिसलं की तेही सिनेमातलंच असणार असा त्यांचा हिशेब. "पोर्तो रिकोहून का?" त्या विचारतात. तुम्ही मान हलवता. "मग?" इंडिया म्हटल्यावर त्या क्षणभर विचार करतात, हा कुठला कप्पा ते त्यांना आठवत नाही, आणि बाजूला सरकून तुम्हाला बसायला जागा देतात.

बसा. नदीपलीकडे इतकं सोपं नाहीये. हडसनच्या त्या तीरावर जर्सी सिटीत गेल्या वर्षी, १९८७ मध्ये, एका टोळक्यानं स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेत वर्तमानपत्रात धमकीचं पत्र छापून आणलं. डॉट म्हणजे टिकली. सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला जमावानं इतकं मारलं की तो दवाखान्यात मरण पावला. आपल्यालाही कप्पा मिळालेला होता, एवढंच.

समोर गडबड वाढली आहे. सूट आणि बो घातलेले, हाताची घडी घालून उभे राहिलेले ते शिस्तशीर लोक पोलीस नाहीत. ते नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेचे स्वयंसेवक, 'फ्रूट ऑफ इस्लाम'. ह्या गल्लीत क्रॅक कोकेन विकणारे अड्डे होते, ते ह्यांनी बंद केले, आणि आता सेटवर पहारा देतायत. लीनं पोलिसांऐवजी यांना बोलावलं. सिनेमाचा शेवट वाचलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. पॅरामाउंट स्टुडिओला तो शेवट जरा गोडसर करून हवा होता, म्हणून सिनेमा युनिव्हर्सलकडे गेला, सुमारे ६५ लाख डॉलरांत.

आता भाजीवाल्याच्या दुकानात जाऊ. मला स्वतःला अख्ख्या सिनेमात हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो.

रेडिओ रहीम आत येतो. बिल नन हा नट असा अंगापिंडानं भरलेला की दुकानाचं दार लहान वाटावं. खांद्यावर त्याचा टू-इन-वन, आपल्याकडे दुबईहून यायचा त्याच्या तिप्पट. त्याला वीस सेल हवेत, मोठे, 'डी' आकाराचे. काउंटरमागचा सॉनी विचारतो, 'सी' का? नाही, 'डी'. पुन्हा तेच. रहीमचा आवाज चढतो, तो सॉनीच्या इंग्रजीवर घसरतो. ज्याच्या स्वतःच्या बोलण्याला शहरातला अर्धा भाग नाकं मुरडतो, तो दुसऱ्याच्या उच्चारावर बोट ठेवतोय. सॉनी मुकाट्यानं वीस सेल मोजून ठेवतो आणि शेवटी त्यालाही एक सणसणीत शिवी हासडतो. तुम्ही श्वास रोखता. रहीम हसतो. शिवीला शिवी मिळाली, बरोबरी झाली, सेल घेऊन तो बाहेर पडतो. इथं कुणी मेलं नाही. का, ते मनाशी ठेवा.

थोड्या वेळानं एक वेगळंच दृश्य चित्रित होतं. एकेक पात्र भिंगात रोखून बघत उभं राहतं, कॅमेरा त्याच्या अंगावर धावून जातो आणि ते दुसऱ्या जमातीला शिव्यांची लाखोली वाहतं. मुकी इटालियनांना, सॅलचा थोरला पिनो काळ्यांना, पोर्तो रिकोचा पोरगा कोरियनांना, गोरा पोलीस पोर्तो रिकोच्या लोकांना, कोरियन दुकानदार ज्यूंना. शिव्यांना एक लय आहे, पाठ केलेल्या पाढ्यांची. आणि समोर कुणीच नसल्यामुळे त्या सगळ्या तुम्हालाच बसतात. काळा गोऱ्याला शिवी देतो आणि गोरा काळ्याला, म्हणजे दोघे सारखेच, असं समजून काही लोक थिएटरातून समाधानानं बाहेर पडले. मला ते पटत नाही. पाचांच्या तोंडात शिव्या आहेत, पण कमरेला पिस्तूल आणि हातात दंडुका त्यातल्या एकाच्याच आहे.

ती सायकल जाऊ द्या, नाहीतर चाक बुटावर जाईल. गेलंच. गल्लीतल्या बगिन आउट नावाच्या पोराच्या कोऱ्या पांढऱ्या एअर जॉर्डनवर काळा ओरखडा. सायकल बास्केटबॉलच्या बॉस्टन सेल्टिक्स संघाचा बनियन घातलेल्या गोऱ्या पोराची, आणि दगडी पायऱ्यांचं हे घर त्यानं विकत घेतलंय. सगळी गल्ली त्याच्यामागून येते. इथं का घर घेतलंस? तो म्हणतो, देश स्वतंत्र आहे, कुणीही कुठेही राहावं. पोरं त्याला हसून सोडून देतात. १९८८ मध्ये बेड-स्टायमध्ये घर घेणारा गोरा म्हणजे विनोदच होता.

हाच बगिन आउट सॅलच्या भिंतीवरून भांडण काढतो. भिंतीवर फक्त इटालियन-अमेरिकन तारे: सिनात्रा, डीमॅजिओ, पचीनो, डी नीरो. गिऱ्हाईक सगळं काळं, मग एकही काळा फोटो का नाही? सॅल म्हणतो, माझं दुकान, माझी भिंत. दोघांचंही बरोबर वाटतं, आणि ह्या साध्या, जवळजवळ पोरकट मुद्द्यावरून रात्र पडते.

रात्री मागे, आजींच्या पायऱ्यांवरच थांबा.

सॅलच्या दुकानात रहीमचा टू-इन-वन मोठ्यानं वाजतोय. सॅलनं, डॅनी आयेलो त्याचं काम करतोय, बेसबॉलची बॅट काढली आणि यंत्राचा चुराडा होईपर्यंत हाणली. एकदम शांतता. मग झटापट, रस्ता, पोलिसांची गाडी. दंडुका रहीमच्या गळ्याखाली आडवा. कॅमेरा खाली जातो. बुटांची टोकं जमिनीपासून थोडीशी वर, थरथरतात, थांबतात.

गर्दीतून नावं यायला लागतात. ती सिनेमातल्या पात्रांची नाहीत. मायकेल स्टुअर्ट: २५ वर्षांचा, सप्टेंबर १९८३ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडला, कोठडीत बेशुद्ध झाला, तेरा दिवसांनी गेला. खटला झाला, सगळे पोलीस सुटले. एलिनॉर बंपर्स: ६६ वर्षांच्या, भाडं थकलं म्हणून १९८४ मध्ये ब्राँक्समधल्या घरातून बाहेर काढायला आलेल्या पोलिसांनी बंदूक झाडली. हॉवर्ड बीच: डिसेंबर १९८६, गाडी बंद पडली म्हणून काही काळे तरुण त्या गोऱ्या वस्तीतल्या पिझ्झाच्या दुकानात गेले, बाहेर टोळकं जमलं, बॅटा निघाल्या, आणि पळता पळता मायकेल ग्रिफिथ हायवेवर गाडीखाली सापडला. वय २३. पिझ्झाचं दुकान आणि बॅट लीनं कुठून उचलली, ते कळलं ना.

मुकी कचऱ्याचा पत्र्याचा डबा उचलतो. आतला कचरा ओततो, शांतपणे चालत जातो आणि सॅलच्या काचेवर फेकतो. 'फँड्री'तल्या जब्याचा दगड आठवला असेल. तो प्रेक्षकाच्या तोंडावर येतो. हा डबा दुकानावर जातो, सॅलपासून दूर. दुकान जळतं. अग्निशमन दलाचे लोक पाण्याचा झोत माणसांवर वळवतात. शेजारच्या आजींना सिनेमा आहे हे ठाऊक आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर रोज तोच प्रसंग घेतलाय, तरी त्यांनी तुमचं मनगट धरलंय.

आता पुढच्या वर्षी. ३० जून १९८९, थिएटर. काही नामवंत समीक्षकांनी लिहून ठेवलंय की हा सिनेमा बघून काळी पोरं दंगल करतील. तुमच्या रांगेत लोक पॉपकॉर्न खातायत. दंगल झाली नाही. पुढं कितीतरी वर्षं लीला एकच प्रश्न विचारला गेला, मुकीनं काच का फोडली? ली सांगत राहिला की एकाही काळ्या प्रेक्षकानं आपल्याला हे विचारलेलं नाही. दुकान गेल्याची हळहळ आहे, रहीमची चौकशी कुणी करत नाही. ऑस्करमध्ये पटकथेला आणि आयेलोला नामांकनं मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत नाव नव्हतंच. ते बक्षीस 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला मिळालं, गोऱ्या बाईंच्या काळ्या ड्रायव्हरच्या गोष्टीला. यावर मी वेगळं काही बोलत नाही.

सिनेमा अजून थिएटरांत असताना, २३ ऑगस्टला, सोळा वर्षांचा युसूफ हॉकिन्स मित्रांबरोबर एक जुनी गाडी बघायला बेन्सनहर्स्टला गेला. बॅटा घेतलेलं गोऱ्यांचं टोळकं आलं, एकानं गोळ्या झाडल्या. बेन्सनहर्स्ट म्हणजे सिनेमातला सॅल रोज जिथून गाडीनं दुकानात येतो ती वस्ती. १९९० च्या जानेवारीत फ्लॅटबुशमध्ये कोरियन भाजीच्या दुकानासमोर बहिष्कार सुरू झाला आणि महिनोन् महिने चालला. तिथं वीस सेलांवर मिटलं नाही. आणि २०१४ मध्ये स्टेटन आयलंडच्या फुटपाथवर एरिक गार्नरच्या गळ्याभोवती पोलिसाचा हात पडला, तेव्हा लीनं ते मोबाइलवरचं चित्रण आणि रहीमचं मरण एकाला एक जोडून लोकांसमोर ठेवलं. कुठं कापलंय ते शोधावं लागतं.

परत त्याच गल्लीत, आजच्या तारखेला. पिझ्झेरिया नाही, भाजीचं दुकान नाही, लाल भिंत नाही. २०१५ मध्ये ह्या तुकड्याला सिनेमाचं नाव दिलं, त्याची हिरवी पाटी कोपऱ्यावर आहे. दगडी घरं तीच, नीट घासलेली, दारं ताज्या रंगाची. इथलं एक घर आता दहा लाख डॉलरांच्या पुढे जातं. तुम्ही आजींच्या पायऱ्या शोधताय. ह्या असाव्यात. की त्या? मान वर करून, घर न्याहाळत, तुम्ही जरा जास्तच वेळ थांबलात.

दार उघडतं. पन्नाशीची एक काळी बाई, हातात पाण्याची झारी. ती तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघते, बूट आधी.

"घर बघायला आलात का?"