समुद्राच्या थंडाव्यातून गोडे पाणी

धाराशिव जिल्ह्यातील माकणी हे गाव समुद्रापासून कित्येक मजला दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. तेथे तेरणा नदीस बांध घालून जलाशय केला आहे. त्या जलाशयातील पाणी मूळचे समुद्राचेच होय. सूर्य समुद्राची वाफ करतो, मीठ खाली राहते, वाफेचे ढग होतात व वारा ते डोंगरापलीकडे आणून टाकतो. पुढे तेरणा मांजरेस, मांजरा गोदावरीस मिळून ते पाणी पूर्वसमुद्रास परत जाते. या फेऱ्यात एखाद्या वर्षी खंड पडला म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हे त्या भागास नव्याने सांगावयास नको, इ. स. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते.

परंतु ज्यांच्या उंबरठ्याशी अथांग पाणी आहे, त्यांचीही तहान याहून निराळी नाही. मालवणच्या किनाऱ्यासमोर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, तेव्हा त्या खडकावर गोडे पाणी लागले हे मोठेच भाग्य. दूधबाव, दहीबाव व साखरबाव ही तेथील विहिरींची नावेच लोकांचा आनंद सांगतात. सर्वच बेटांच्या नशिबी अशा विहिरी नसतात.

खाऱ्या पाण्याची वाफ गोडी असते, हे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानेही लिहून ठेवले आहे. अडचण ज्ञानाची नव्हती, सरपणाची होती. घागरभर पाण्यासाठी भाराभर लाकडे जाळणे कोणास परवडेल? यावरील तोडगा निराळ्याच दिशेने आला. १८८१ साली दार्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचविले की, उष्ण कटिबंधात समुद्राचा पृष्ठभाग ऊबदार व तळ अतिशय थंड असतो. या दोहोंतील फरकावर यंत्र चालविता येईल. त्याचा शिष्य जॉर्ज क्लोद याने ते मनावर घेतले. दुकानांच्या पाट्यांवर झळकणारे निऑनचे दिवे प्रचारात आणणारा तो हाच गृहस्थ. १९३० साली क्यूबा बेटातील मातान्झास उपसागरात त्याने सुमारे दोन किलोमीटर लांबीचा नळ खोल पाण्यात सोडण्याचा घाट घातला. पहिला नळ गेला, दुसराही गेला. तिसरा बसला आणि २२ किलोवॅट वीज निघाली. मात्र पंप चालविण्यास त्याहून अधिक वीज खर्ची पडत होती, आणि थोड्याच दिवसांत वादळाने तोही नळ मोडला. इतके होऊनही हा मनुष्य थांबला नाही. ब्राझीलसमोर जहाजावर त्याने पुनः प्रयोग मांडला व तेथेही अपयशच पदरी घेतले.

हिंदुस्थानात या विद्येचा माग चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने घेतला. ही संस्था १९९३ सालची. केरळात विळिंजम येथे लाटांच्या जोरावर वीज काढणारे यंत्र १९९१ मध्येच उभे राहिले होते. पुढे त्याच विजेवर खारे पाणी गोडे करून पाहण्यात आले. तुतिकोरीनसमोर 'सागर शक्ती' या तरत्या बार्जेवर एक मेगावॅटची योजना आखली, परंतु तेथेही नळानेच दगा दिला.

यश आले ते लक्षद्वीपात, कवरत्ती बेटावर, २००५ च्या मे महिन्यात. प्रवाळाचे हे चिमुकले बेट. पावसाचे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. उपसा वाढला की विहीर खारट होते. तथापि निसर्गाने दुसऱ्या हाताने एक सोय केली आहे. बेटाची कड इतकी उभी तुटलेली आहे की, किनाऱ्यापासून जवळच साडेतीनशे मीटर खोली लाभते. तेथील पाणी बारा-तेरा अंशांचे, तर वरचे अठ्ठावीस अंशांचे.

रीत समजावयास सोपी आहे. उंच पर्वतावर डाळ शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते व पुरेसे तापत नाही. पंपाने हवा काढून भांड्यातील दाब चाळिसाव्या हिश्शावर आणला, तर पाणी एकवीस अंशांसही उकळू लागते. म्हणजे समुद्राचे वरचे पाणी चुलीवाचून उकळते. ती वाफ खोलातून आणलेल्या थंड पाण्याच्या नळ्यांवर पडली की, भाताच्या झाकणाखाली जमावेत तसे थेंब जमतात. शंभर घागरी आत घ्याव्यात तेव्हा जेमतेम एक घागर गोडी मिळते. पण समुद्राच्या दारी घागरींचा तोटा कसला! कवरत्तीस दिवसाला एक लाख लिटर पाणी मिळू लागले. २०११ साली मिनिकॉय व अगत्ती, आणि नंतर इतर बेटांवरही अशी यंत्रे उभारण्यात आली. कदमत येथील दीड लाख लिटरच्या यंत्राचे उद्घाटन २०२४ च्या जानेवारीत झाले.

मग कोकणात हे का नाही, असे कोणीही विचारील. कोकणासमोरचा समुद्रतळ उथळ पठारासारखा दूरवर पसरलेला आहे; मुंबईपुढे तर तो शेकडो किलोमीटर जातो. एवढा नळ कोण टाकणार? चेन्नईसमोर २००७ साली खोल पाण्यात बार्ज उभी करून दिवसाला दहा लाख लिटरचा प्रयोग यशस्वी झाला खरा, पण तो प्रयोगच राहिला. २००९ मध्ये उत्तर चेन्नईच्या औष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या ऊन पाण्यावर हीच रीत चालवून दाखविली गेली. यात खोल नळाची गरज नाही, आणि पश्चिम किनाऱ्यास काही उपयोग व्हावयाचा तर याच वाटेने होण्याचा संभव अधिक दिसतो.

बेटांवरील यंत्रांतही एक उणीव उरली. ऊब व थंडावा समुद्राचा, परंतु पंप चालविणारी वीज डिझेलची. ते तेल मुख्य भूमीवरून जहाजाने यावयाचे, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसावयाचे. ही परस्वाधीनता जावी म्हणून त्याच तापमानभेदातून ६५ किलोवॅट वीज काढून तिच्यावर पाण्याचे यंत्र चालविण्याचे काम संस्थेने कवरत्तीसच हाती घेतले. क्लोदचे यंत्र आपल्या पंपांपुरतीही वीज देऊ शकले नव्हते. कवरत्तीच्या यंत्राने पंप चालवून वर गोडे पाणीही द्यावे, अशी ही मांडणी आहे.