51 टक्के मतं, मग 100 टक्के सत्ता का?

आजची गोष्ट एका प्राध्यापिकेची आहे. त्यांचं सरकारी पद त्यांच्याच शोधनिबंधांमुळे हुकलं. त्यांचं नाव लानी ग्विनिअर.

जन्म 1950 चा, न्यूयॉर्कचा. वडील कृष्णवर्णीय, आई ज्यू. 1929 मध्ये वडिलांना हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा नाकारली गेली. लानी येल विद्यापीठात कायदा शिकल्या आणि 1980 च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचे खटले लढल्या.

तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. कोर्टात लढून वेगळे वॉर्ड मिळायचे, त्यातून एखादा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडूनही यायचा. पण पुढे काय? सभागृहात प्रत्येक ठरावावर तो एकटाच पडणार! म्हणजे खुर्ची मिळाली, पण शब्दाला वजन काही नाही.

1988 पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवताना त्यांनी यावर लिहिलं. त्यांनी सुचवलेला एक उपाय होता एकत्रित मतदान. समजा, पाच जागा आहेत आणि प्रत्येक मतदाराला पाच मतं आहेत. ती पाच जणांत वाटा, नाहीतर पाचही एकालाच द्या. मग वीस टक्के लोक एकजुटीने राहिले, तर त्यांचा एक माणूस हमखास निवडून येतो. जातीवर किंवा वर्णावर वॉर्ड आखायची गरजच पडत नाही.

आपल्याला हे नवीन नाही बरं का! 1937 च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत, एकाहून जास्त जागा असलेल्या मतदारसंघांत हीच पद्धत होती. त्याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून विधानसभेवर गेले.

एप्रिल 1993 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्विनिअर यांना न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुखपदासाठी निवडलं. लगेच टीका सुरू झाली. खरं तर कोट्याला पर्याय शोधणारी ही बाई, पण वर्तमानपत्रांत तिला ‘कोटा क्वीन’ म्हणून हिणवलं गेलं. जूनमध्ये क्लिंटन यांनी नाव मागे घेतलं. सिनेटसमोर सुनावणी झालीच नाही. म्हणजे अल्पमताचंही ऐकून घ्या असं सांगणाऱ्या बाईंचंच कुणी ऐकून घेतलं नाही.

त्यांनी उत्तर दिलं ते पुस्तकातून. 1994 च्या ‘द टिरनी ऑफ द मेजॉरिटी’मध्ये त्यांच्या लहान मुलाचा किस्सा आहे. सहा मुलांपैकी चौघांना पकडापकडी खेळायचीय, दोघांना लपाछपी. काय खेळायचं? तो म्हणाला, दोन्ही, आधी एक, मग दुसरा. ग्विनिअर यांना अभिप्रेत असलेली लोकशाही अशीच होती, पाळीपाळीने खेळायची.

1998 मध्ये हार्वर्डच्या कायदा विद्यालयात कायमस्वरूपी प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. वडिलांना राहायला जागा न देणारं तेच विद्यापीठ! जानेवारी 2022 मध्ये त्यांचं निधन झालं.

तुमच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवेळी हरणारे तेच ते चौघे असतात ना? त्यांची पाळी कधी येते, ते बघा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.