हुजुरांचें पत्रक आणि प्रजेचा हक्क

सरकारी हुकूम दप्तरांत बांधून ठेविला तर तो कारकुनाचा. छापून बाहेर पडला म्हणजे प्रजेचा. करवीर संस्थानांत हें २६ जुलै १९०२ रोजीं दिसलें. शाहू छत्रपति त्या सुमारास विलायतेंत होते. तथापि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस देण्याचा त्यांचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटांत प्रसिद्ध झाला. त्यांतील एक कलम मार्मिक आहे. नव्या नेमणुकांचें पत्रक प्रत्येक खात्याच्या प्रमुखानें दर तिमाहीस सरकारांत पाठवावें, असें तें कलम होतें. नुसत्या हुकुमानें कचेऱ्या हालत नाहींत, हें महाराज जाणून होते! मात्र पत्रक जावयाचें तें हुजुरांकडे. तें मागण्याचा हक्क प्रजेस या हुकुमानें दिला नव्हता.

ही उणीव भरून निघण्यास शंभर वर्षें लागलीं. अण्णा हजारे यांनीं ऑगस्ट २००३ मध्यें उपोषण आरंभिलें, तेव्हां महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा अंमलांत आला.

पंचगंगेपलीकडे शिरोलीस आज ओतकामाचे कारखाने आहेत. अशा वसाहतींसाठीं १९६१ च्या कायद्यान्वयें मालकास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. पण अखेर राजपत्रांत अधिसूचना छापली कीं जमीन सरकारची होते. खेडेगांवीं राजपत्र वाचतो कोण? २००५ चा कायदा म्हणतो, कीं कचेरीनें आपण होऊन, स्थानिक भाषेंत, माहिती प्रसिद्ध करावी. न केल्यास शेतकऱ्यानें दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करावा. उत्तरास मुदत तीस दिवसांची.