भट्टीविना चॉकलेट-बिस्किटांची वडी : सुरतेच्या नानखटाईपासून घरच्या ताटापर्यंत

बिस्किटांचा चुरा, चॉकलेट किंवा कोको, लोणी आणि डब्यातले आटवलेले गोड दूध एकत्र कालवायचे, तूप लावलेल्या ताटात थापायचे, थंड झाल्यावर सुरीने चौकोन पाडायचे. पदार्थाची कृती एवढीच. इंग्रजी पाकपुस्तकांत याला ‘नो-बेक बार’ म्हणतात. मराठी स्वयंपाकघराला त्यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही; ही वडीच आहे. नारळाची, आल्याची किंवा शेंगदाण्याची वडी ज्या हातांनी थापली आहे, त्या हातांना ही मुळीच अनोळखी वाटणार नाही.

मात्र ‘भट्टीविना’ या शब्दामुळे एक गैरसमज पसरतो. भट्टी नको म्हणजे काहीच भाजायला नको, असे समजून कच्चा मैदा साखर-लोण्यात मळून मुलांच्या हातावर ठेवण्याचे प्रकार अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींमधून घरोघरी पोहोचले आहेत. वस्तुस्थिती अशी की या वडीतील पीठ भाजलेलेच असते. ते आपण भाजलेले नसते, इतकेच. बिस्किट कारखान्यातून वा बेकरीतून भाजून येते आणि म्हणून आपली सुटका होते. भाजण्याचे काम घराबाहेर सोपवण्याची ही रीत समजून घ्यायची तर सुरतेइतके योग्य शहर दुसरे नाही.

मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या सालांमुळे. ज्या श्रीमंतीवर शिवाजी महाराजांची नजर गेली, ती या बंदराच्या व्यापाराने आणलेली होती. इंग्रजांपाठोपाठ डचांचीही वखार तेथे १६१६च्या सुमारास उभी राहिली. वखारीतल्या गोऱ्यांना रोजचा पाव लागे. तो भाजण्यासाठी भट्ट्या आल्या आणि भट्टीवर राबायला स्थानिक माणसे आली. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी : डचांनी आपला गाशा गुंडाळला तेव्हा भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती आल्या. पाव ताडीने फुगवलेला असल्याने अनेक गुजराती घरांना तो चालत नसे. गिऱ्हाईक रोडावले, पाव पडून राहू लागला, वाळू लागला. वाळलेला पाव चहात बुडवून खाणारे मात्र निघाले आणि मग मुद्दामच वाळवलेला, कडक ‘सुरती बटासा’ तयार होऊ लागला. आपल्याकडे चहाबरोबर जे ‘बटर’ खाल्ले जाते, त्याच्याच कुळातला हा प्रकार. पुढे ताडी आणि अंडे दोन्ही वगळून मैदा, तूप आणि साखर यांची नानखटाई त्याच भट्ट्यांमधून निघाली, असे ही हकिकत सांगते. दोटीवाला हे नाव सुरतेत आजही बेकरीच्या पाटीवर आहे.

हकिकतीतील प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध करता येईल असे नाही. नानखटाईच्या नावातील ‘नान’ हा भाकरी-पाव या अर्थाचा फारसी शब्द आहे, हे मात्र निर्विवाद. ताडीने पाव फुगवण्याची रीत गोव्यातील वाचकाला नवी वाटायचे कारण नाही. इकडे पोर्तुगीज आले, यीस्ट मिळेना, तेव्हा पदेरांनी माडाच्या सुरेवर पीठ फुगवले. एकाच किनारपट्टीवरील दोन बंदरांत एकाच अडचणीला एकच उत्तर सापडले. फरक इतकाच की गोव्यात पाव टिकला आणि सुरतेत तो वाळून बिस्किट झाला.

नानखटाईबरोबर आणखी एक सवय रुजली. दिवाळी जवळ आली की घरचे तूप, मैदा आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तेथे नंबर लावायचा आणि भाजलेल्या नानखटाईचे डबे घेऊन परतायचे. ही चाल गुजरातेत होती, तशी मुंबई-पुण्यातही होती. साहित्य आपले, आच बेकरीवाल्याची. घरात भट्टी नसणे ही तेव्हा उणीव मानली जात नसे.

आजच्या सुरतेतही ते चित्र पूर्णपणे पुसलेले नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग आणि कापडाच्या धंद्याने त्यांना तेथे नेले. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. एक-दोन खोल्यांच्या अशा घरांत शेगडी असते, बहुधा फ्रीजही असतो, पण ओव्हन क्वचितच. वाढदिवसाला किंवा परीक्षा संपल्यावर मुलांनी चॉकलेटचे काही मागितले, तर शेगडी, कढई, ताट आणि फ्रीज एवढ्या सामग्रीत बसणारा पदार्थ हवा. शिवाय घरात अंडे न खाणारी वडीलधारी मंडळी असतात आणि शेजारी कदाचित जैन कुटुंब असते. या साऱ्या अटी ही वडी पाळते.

जगभर तिची भावंडे आहेत. पोर्तुगालमध्ये बिस्किटांचे तुकडे घातलेल्या चॉकलेटची गुंडाळी करून तिच्या चकत्या कापतात. दिसायला सॉसेजसारखी म्हणून तिला ‘सलामे’ म्हणतात. गोव्यातील घरांना आणि खानावळींना परिचित असलेला ‘सेरादुरा’ याच घराण्यातला : फेटलेली साय आणि कंडेन्स्ड मिल्क यांच्या थरांवर मारी बिस्किटांचा भुगा. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थच लाकडाचा भुसा. मारी बिस्किट स्वतः १८७४ सालचे, लंडनच्या एका कंपनीने रशियन राजकन्येच्या विवाहानिमित्त काढलेले. २०११ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या विवाहात बहुमजली केकशेजारी न भाजलेला चॉकलेट-बिस्किट केकही मांडला होता, तो वराच्या खास आवडीमुळे. गरिबाघरचा पदार्थ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता कृती. २० सेंटिमीटर चौरस ट्रेसाठी किंवा तेवढ्याच थाळीसाठी प्रमाण असे : मारी किंवा तत्सम साधी बिस्किटे २५० ग्रॅम, गडद चॉकलेट २०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम (नेहमीच्या ४०० ग्रॅमच्या डब्यातील अर्धे), लोणी ६० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम ५० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. मीठ गाळू नये; त्यावाचून चॉकलेटची चव सपाट लागते.

बिस्किटे स्वच्छ कापडी पिशवीत घालून लाटण्याने फोडावीत. हे काम मुलांना द्यावे, ती आनंदाने करतात. निम्म्या बिस्किटांचा चुरा आणि निम्म्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे असे मिश्रण हवे. सगळीच पूड केली तर वडी मातीच्या गोळ्यासारखी घट्ट होते, आणि सगळेच तुकडे ठेवले तर कापताना ढासळते. पावसाळ्यात बिस्किटे सादळलेली असतील तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतावीत आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरावीत.

पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच बंद करावी. त्यावर दुसरे कोरडे भांडे ठेवून, त्याचा तळ पाण्याला लागू न देता, चॉकलेट आणि लोणी विरघळवावे. येथे एकच शत्रू, पाणी. वाफेचा एखादा थेंब किंवा ओला चमचा चॉकलेटात गेला तर ते क्षणात रवाळ गोळा होऊन बसते. असे झाले तर टाकून देऊ नये. चमचाभर गरम दूध घालून जोराने घोटल्यास बहुधा ते पुन्हा मऊ होते आणि वडीपुरते चालून जाते. चॉकलेट विरघळल्यावर कंडेन्स्ड मिल्क आणि मीठ घालावे, मिश्रण कोमट झाले की बिस्किटे आणि दाणे घालून हलक्या हाताने कालवावे. तूप लावलेल्या ताटात बटर पेपर अंथरून त्यावर मिश्रण ओतावे आणि वाटीच्या बुडाने दाबून सारखे करावे. फ्रीजमध्ये किमान तीन तास. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापल्यास कडा स्वच्छ निघतात.

चॉकलेट महाग वाटत असेल, तर दुसरी वाट आहे आणि वड्या करणाऱ्यांना ती अधिक जवळची वाटेल. जाड बुडाच्या कढईत ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ५० ग्रॅम लोणी आणि चार मोठे चमचे चाळलेला कोको मंद आचेवर सतत ढवळत राहावे. दहा-बारा मिनिटांत मिश्रण कडा सोडू लागते. नारळाच्या वडीला आपण त्याच्याही थोडे पुढे जातो. येथे कडा सुटू लागताच कढई उतरवावी, कारण उरलेला ओलावा बिस्किटे शोषून घेतात. यात बिस्किटे ३०० ग्रॅमपर्यंत सामावतात. ही वडी चॉकलेटच्या वडीपेक्षा जास्त चिवट आणि उन्हाला अधिक टिकणारी होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चवीलाही फारशी मागे राहत नाही.

सुरती धाटणी हवी असेल तर निम्मी मारी आणि निम्मी नानखटाई घ्यावी. नानखटाईत तूप भरपूर असल्याने कृतीतील लोणी २० ग्रॅमवर आणावे, नाहीतर वडीला तूप सुटते. वेलचीचा तिचा गंध गडद चॉकलेटबरोबर छान जुळतो. पूर्ण नानखटाईची वडी मात्र करू नये. ती तोंडात विरघळण्यासाठीच बनलेली असल्याने कुरकुरीतपणा उरत नाही.

चॉकलेट विकत घेताना वेष्टन वाचण्याची सवय हवी. खऱ्या चॉकलेटमधील स्निग्धांश कोको बटरचा असतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या ‘कंपाउंड’मध्ये त्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेले घट्ट स्निग्ध पदार्थ असतात. घटकांच्या यादीत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, हे पाहिले की उलगडा होतो. कंपाउंड उन्हात लवकर वितळत नाही ही त्याची सोय. मात्र जिभेवर मेणासारखा थर राहतो. ज्यांना शाकाहार काटेकोरपणे पाळायचा आहे त्यांनी वरून मार्शमॅलो पेरण्याआधी त्यात जिलेटिन नाही ना, हे पाहावे. जिलेटिन प्राण्यांपासून मिळते.

कच्च्या मैद्याचा उल्लेख वर आला आहे. गहू शेतातून येतो, दळला जातो, पण दळताना जंतू मरत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातून ई-कोलाय जंतूंचा प्रादुर्भाव झाल्यावर एका मोठ्या कंपनीला बाजारातून पीठ परत घ्यावे लागले होते, आणि आजारी पडलेल्यांपैकी काहींनी कच्चे पीठ चाखले होते. आपल्या आजींनी बेसनाचा, रव्याचा किंवा कणकेचा लाडू पीठ खमंग भाजल्याशिवाय कधी वळला नाही. चवीसाठी असो वा पचनासाठी, रीत योग्यच होती. म्हणून ‘न भाजता कुकी’ अशा नावाखाली कृतीत कोरा मैदा दिसला, तर ती कृती सोडून द्यावी. पोर्तुगीज ‘सलामे’च्या जुन्या कृतींत कच्चे अंडेही असते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी तेही टाळलेले बरे.

लहान मुलांच्या वाट्याच्या वड्यांत अख्खे दाणे ठेवू नयेत. चार-पाच वर्षांखालील मुलाच्या घशात शेंगदाणा अडकू शकतो, म्हणून त्यांचा जाडसर कूट घालावा. शेंगदाणे-बदामाची ॲलर्जी असलेले मूल पाहुण्यांत असेल तर ते अजिबात वगळावेत. साखरेचा हिशेबही करून ठेवावा. वरच्या प्रमाणातील ताटाचे २५ तुकडे पाडले तर प्रत्येकात अंदाजे दोन चहाचे चमचे साखर येते, १६ पाडले तर तीन. तुकडे लहान पाडणे हा सर्वांत सोपा आवर.

उरतो उकाडा. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणूनच चॉकलेट जिभेवर विरते आणि म्हणूनच एप्रिल-मेमध्ये सुरतेत काय किंवा गोव्यात काय, ओट्यावर ठेवलेली वडी तासाभरात ओघळू लागते. सुरतेची प्रसिद्ध घारी आठवावी. मावा आणि सुकामेव्याचे सारण भरून तळलेली ही मिठाई बाहेरून घट्ट तुपाने माखलेली असते आणि तिचा दिवस येतो कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला. तोवर रात्री थोड्या निवलेल्या असतात. चॉकलेटची वडीही कोजागिरीपासून शिमग्यापर्यंत निर्धास्त करावी.

फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात ती आठवडाभर टिकते. तिसऱ्या दिवसानंतर बिस्किटे मऊ पडू लागतात, चव बिघडत नाही. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. दमट हवेत थंड वडीवर पाणी धरते आणि ते सुकले की वर पांढुरका थर दिसतो. तो बुरशीचा नसून साखरेचा असतो, पण पाहुण्यांना हे समजावून सांगत बसावे लागते. कोकण रेल्वेने सुरतेहून गोव्याला यायचे असल्यास कोको शिजवून केलेली वडीच सोबत घ्यावी, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून आणि डबा टॉवेलात गुंडाळून.