तळटीप १२ : जॉब्स यांची बायोप्सी

१२. त्याच संध्याकाळी बायोप्सी : स्टीव्ह जॉब्स यांनी या भाषणात सांगितलेला हा प्रसंग २००३ सालचा. सकाळच्या स्कॅनमध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ दिसली होती. ती कोणत्या प्रकारची, हे पेशी पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर खोल दडलेले असते. म्हणून तोंडावाटे दुर्बीण जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. तिच्या टोकाशीच सोनोग्राफीची सोय असते. पडद्यावर गाठ आणि शेजारच्या रक्तवाहिन्या पाहत, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घेतात. स्वादुपिंडाची अशी तपासणी डेन्मार्कच्या पीटर व्हिलमान व सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रथम नोंदवली. (सुईत कर्करोगाच्या पेशी आल्या नाहीत, म्हणून कर्करोग नाहीच असे मात्र ठरत नाही.) भाषणात पुढे आलेले डॉक्टरांचे अश्रू सुटकेचे आहेत : गाठ नेहमीच्या घातक प्रकारची नसून संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन निघाली. ती बहुधा सावकाश वाढते आणि शस्त्रक्रियेने काढता येण्याची आशा अधिक असते. शस्त्रक्रिया २००४ मध्ये झाली. हे भाषण १२ जून २००५ चे; जॉब्स यांचे निधन ५ ऑक्टोबर २०११ रोजी झाले. — संपा.