मातीचा पैलवान आणि गादीचा पैलवान

खेळाडूचें कौशल्य वाढावें म्हणून एखादें नवें साधन निघतें आणि कांहीं काळानें त्या साधनानें खेळाचेंच रूप पालटून टाकलेलें दिसतें. गोल्फच्या खेळांत असें घडलें. १८९८ सालीं अमेरिकेंत रबरी धागा गुंडाळलेला हॅस्केलचा चेंडू निघाला व तो पूर्वींच्या गट्टापर्चाच्या चेंडूहून दूर जाऊं लागला. पुढें हिकरी लाकडाच्या दांड्याची जागा पोलादी दांड्यानें घेतली. काठ्यांची संख्या तर इतकी वाढली कीं, १९३८-३९ मध्यें त्या खेळाच्या नियामक संस्थांना एका खेळाडूजवळ चौदांहून अधिक काठ्या नसाव्यात, असा निर्बंध घालावा लागला. नांदेड-लातूरकडील बहुतेकांनीं गोल्फचें मैदान डोळ्यांनीं पाहिलेंही नसेल. परंतु साधन आणि खेळाडू यांच्यांतील हाच झगडा त्यांच्या घरच्या खेळांत, म्हणजे कुस्तींत, घडून आला. तेथें मात्र बदललें तें हातांतील साधन नव्हे, तर पायांखालची भूमी.

या प्रदेशांतील मल्लविद्येचा लेखी पुरावा बराच जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सन ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फारशी दूर नाहीं. या ग्रंथांत मल्लांचा आहार आणि त्यांचा व्यायाम यांचें वर्णन आलें आहे. वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावर करावयाचा स्तंभश्रम असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. म्हणजे मल्लाला केवळ दुसऱ्या मल्लाशीं झुंजवून भागत नाहीं, त्याच्या अंगाला साधनाची जोड द्यावी लागते, हें नऊशें वर्षांपूर्वींच ओळखलें गेलें होतें.

खांबाच्या या व्यायामाला नवें आयुष्य मिळालें तें उत्तर पेशवाईंत. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे आद्य आचार्य मानले जातात. परंपरेची कथा अशी आहे कीं, निजामाच्या मुलुखांतून अली आणि गुलाब नांवाचे दोन मल्ल पुण्यास आले व त्यांनीं पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिलें. बाळंभटदादांनीं मुदत मागून घेतली, लाकडी खांबावर डावपेंचांचा अभ्यास केला आणि अलीला चीत केलें. कथेंतील तपशील कसाही असो, तिचें मर्म खरें आहे. खांब हा न थकणारा व न चिडणारा प्रतिस्पर्धी होय. त्याला कितीही वेळ मिठी घालतां येते, आणि त्यावर मांड्यांची पकड व कमरेची चपळाई दोन्हीं तयार होतात.

गांवोगांवच्या तालमींत मल्लखांबाबरोबर करेल, जोडी, दगडी नाल आणि गदा हीं साधनें नांदत आलीं. परंतु या सर्वांहून मोठें साधन म्हणजे हौद्यांतील लाल माती. ती चाळून घ्यावयाची, तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर घालावयाचा, आणि रोज खोऱ्यानें उकरून ती मऊ ठेवावयाची. या मातींत पाय किंचित् रुततो, म्हणून पवित्रा खोल घ्यावा लागतो. घामानें निसरड्या झालेल्या अंगाला माती चोळली म्हणजे पकड बसते. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा किंवा लातूरची सिद्धेश्वराची यात्रा यांतील फडांवर कुस्ती रंगते ती याच शिक्षणाच्या बळावर. निकाली कुस्तींत घड्याळापेक्षां दमाला महत्त्व असतें. दोन्हीं खांदे भुईला लागले, तरच हार.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें या मातीच्या शिक्षणाची कसोटी लागली. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथें गादीवर उतरले. जन्म मातींत झुंजण्यांत गेलेला. तरीही त्यांनीं सहावें स्थान मिळविलें. गादीवर पाय रुतत नाहीं. पायांत बूट असतात, पवित्रा झटपट बदलतां येतो, आणि ठराविक वेळांत गुण मिळवावे लागतात. खाशाबांनीं हा धडा मनावर घेतला आणि १९५२ मध्यें हेलसिंकी येथें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

लंडनचे सामने आटोपल्यावर सुमारें एका महिन्यानें, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, मराठवाडा निजामी राजवटींतून मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, निलंग्याकडील रामलिंग मुदगड या गांवीं हरिश्चंद्र बिराजदार यांचा जन्म झाला. कुस्ती शिकण्यासाठीं त्यांना घर सोडून कोल्हापूर गांठावें लागलें. १९६९ मध्यें ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा लातूर शहरांत भरली. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें, स्वतंत्र जिल्हा तें १९८२ सालीं झालें. त्या स्पर्धेंत विशी न गांठलेल्या या मुलानें घरच्या माणसांदेखत केसरीची गदा जिंकली. दुसऱ्याच वर्षीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत, परक्या भूमीवर आणि परक्या गादीवर, त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. मातींत मुरलेलें अंग गादीलाही जुमानत नाहीं, याचा याहून ठळक पुरावा मराठवाड्याच्या इतिहासांत सांपडणें कठीण.

परंतु एका असामान्य मल्लाचें यश म्हणजे सर्वांची वाट सुकर झाली असें नव्हे. माती गांवच्या शिवारांत मिळते. गादी विकत आणावी लागते. शिवाय तिला छप्पर हवें, कारण ऊन-पावसांत ती टिकत नाहीं. स्पर्धेचें वर्तुळ नऊ मीटर व्यासाचें. तेवढी गादी अंथरण्याजोगी इमारत लहान गांवच्या तालमीला कोठून मिळणार? बिराजदार पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत वस्ताद झाले आणि मराठवाड्याचे होतकरू पठ्ठे त्यांच्यामागें पुण्यास गेले. लातूर जिल्ह्याचे काका पवार यांनीं ग्रीको-रोमन कुस्तींत अर्जुन पुरस्कार मिळविला व तेही पुण्यासच शिक्षक झाले. त्यांच्या हाताखालीं घडलेला बीड जिल्ह्याचा राहुल आवारे २०१८ मध्यें राष्ट्रकुलाचें सुवर्णपदक आणि २०१९ मध्यें जागतिक स्पर्धेचें कांस्यपदक घेऊन आला. तिघेही मराठवाड्याचे, पण तिघांच्याही विद्येची पूर्तता झाली ती मराठवाड्याबाहेर.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती व गादी असे दोन विभाग ठेवण्याची आणि दोहोंच्या विजेत्यांमध्यें अंतिम कुस्ती लावण्याची रीत पडली, ती या दोन भूमींचा मेळ घालण्यासाठींच. ही तडजोड शहाणपणाची आहे. गोल्फच्या नियामकांनीं काठ्यांची संख्या बांधून दिली, कारण तेथें साधनें अति झालीं होतीं. येथें दुखणें उलट आहे. यात्रेच्या फडावर नारळाची कुस्ती जिंकणाऱ्या पोराच्या अंगीं बळ कमी नसतें; त्याच्या गांवीं गादी नसते, एवढेंच. ती ज्या दिवशीं त्याच्या तालमींत अंथरली जाईल, त्या दिवशीं जगापुढें उभें राहण्यासाठीं त्याला आपलें गांव सोडावें लागणार नाहीं.