इंडरेल पास

परदेशी पर्यटक व अनिवासी भारतीय यांच्यासाठी भारतीय रेल्वेने काढलेला, ठरावीक मुदतीत देशभर कितीही प्रवासाची मुभा देणारा पास. वैध पासपोर्ट दाखवून तो परकीय चलनात घ्यावा लागे. दुसऱ्याला देता येत नसे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो बंद झाला.

विक्री : परदेशांत नेमलेले प्रतिनिधी (ब्रिटनमध्ये लंडनच्या वेम्बली भागातील एस. डी. एंटरप्रायझेस) आणि भारतात दिल्ली, मुंबई अशा मोठ्या शहरांतील रेल्वे कार्यालये.

मुदत व दर : मुदत अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत असे. अखेरच्या काळातील दरपत्रकात वातानुकूल प्रथम वर्ग, वातानुकूल टू-टियर व त्याबरोबरचे वर्ग आणि द्वितीय वर्ग असे तीन गट होते. सात दिवसांसाठी त्यांचे दर अनुक्रमे २७०, १३५ व ८० डॉलर होते. मधल्या गटाचे पुढचे दर असे : १५ दिवस १८५, २१ दिवस १९८, ३० दिवस २४८, ६० दिवस ४००, ९० दिवस ५३० डॉलर. म्हणजे सात दिवसांच्या पासाला दिवसाकाठी सुमारे १९ डॉलर पडत, ९० दिवसांच्या पासाला सहाहूनही कमी. १५ आणि २१ दिवसांत फरक अवघा १३ डॉलरचा. त्यामुळे दोन आठवड्यांहून थोडा जास्त मुक्काम असणाऱ्याने २१ दिवसांचाच पास घेणे शहाणपणाचे होते. आरक्षण आकार व सुपरफास्ट अधिभार वेगळे द्यावे लागत नसत. मात्र मुदत सलग मोजली जाई; प्रवास केला नाही तो दिवसही खर्ची पडे आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्री पास संपे.

आरक्षण : पास असला तरी जागा आपोआप मिळत नसे, आरक्षण करावेच लागे. त्यासाठी ठरावीक गाड्यांत परदेशी पर्यटकांचा कोटा असे.

कोरेगावच्या दृष्टीने : कोरेगाव (जि. सातारा) हे पुणे–मिरज मार्गावर साताऱ्यानंतरचे स्थानक. मूळचा मीटरगेज असलेला हा मार्ग १९७१ पर्यंत ब्रॉडगेज झाला. मुंबई–कोल्हापूर दरम्यानच्या कोयना व महालक्ष्मी एक्सप्रेस याच मार्गाने धावतात. परदेशातून कोरेगाव तालुक्यात येणारा माणूस बहुधा मुंबईहून एकदा गावी येतो, नातेवाइकांकडे राहतो आणि परत फिरतो. त्याला सुटे तिकीटच स्वस्त पडे. गावच्या मुक्कामात पासाचे दिवस नुसते सरत. दिल्ली, वाराणसी, चेन्नई असा लांबचा फेरा जोडणाऱ्याला मात्र पास उपयोगी होता. एकूण हिशेबात तो किती परवडे, याविषयी मतभेद आहेत.

सद्यःस्थिती : इंडरेलच्या जागी तसा देशव्यापी पास नाही. परदेशी पर्यटकाला रेल्वेच्या तिकीटविक्रीसाठीच्या आयआरसीटीसी या संकेतस्थळावर नोंदणी करून वरच्या वर्गांचे तिकीट ३६५ दिवस आधी काढता येते. इतरांसाठी ही मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० वरून ६० दिवसांवर आली.

अन्य देश : युरोपबाहेरच्यांसाठी युरोपात युरेल पास (१९५९ पासून) आहे. जपानच्या सात दिवसांच्या साध्या पासाचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला.

निवड : देश कोणताही असो, आधी प्रवासाचे टप्पे लिहून सुट्या तिकिटांची बेरीज करावी. पासाची किंमत त्याहून कमी भरली, तरच पास घ्यावा.